कडक आईबाप, पण नेमकं कशात कडक?

आईबापांनी कडक असावं की मित्रासारखं, हा विषय कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, संध्याकाळपर्यंत मेसेजचा खच पडेल आणि हाती काहीच लागणार नाही. कारण कडकपणा म्हणून आपण दोन साफ वेगळ्या गोष्टी एकाच खात्यात टाकतो.

थोडं मागे जाऊ. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात बर्कलीमध्ये काम करून आईबापांचे तीन प्रकार सांगितले: हुकूमशहा, सगळं चालवून घेणारे, आणि नियम लावणारे पण प्रेमाने आणि कारण सांगून. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा जोडला, म्हणजे मुलांकडे लक्षच न देणारे. तिसरा प्रकार सगळ्यात बरा, असं ठरलं आणि पेरेंटिंगवर बोलणारा प्रत्येक जण तेच सांगत सुटला. गोची एवढीच की हा सगळा डोलारा मुख्यतः गोऱ्या, मध्यमवर्गीय अमेरिकन घरांवर उभा होता. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. चिनी आईबाप या मोजपट्टीवर हुकूमशहा ठरायचे, पण मुलं शाळेत छान चाललेली, कारण तिथे शिस्तीसोबत आईचा वेळ, मेहनत, जवळीक हे सगळं येतं आणि ते त्या मोजपट्टीत धरलेलंच नव्हतं.

मग काय, ज्याची त्याची संस्कृती म्हणून सोडून द्यायचं? तसंही नाही. पिनक्वार्ट आणि कौसर यांनी २०१८ मध्ये ४२८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर परिणाम कमीजास्त होतो पण प्रेम आणि नियम हे कॉम्बिनेशन जगाच्या कुठल्याच भागात उलटं पडलेलं दिसलं नाही. माराचंही असंच. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स, थायलंड अशा सहा देशांतल्या ३३६ आया आणि त्यांची मुलं घेतली. जिथे मारणं नेहमीचंच समजलं जातं तिथे मार आणि मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध जरा सैल होता, पण होताच. "आम्हीपण मार खाऊनच मोठे झालो" म्हणणाऱ्यांना यातला "संबंध सैल होता" एवढाच भाग आवडेल!

आता त्या दोन गोष्टी. ब्रायन बार्बर यांनी १९९० च्या दशकात ही फोड नीट करून दाखवली: एक, वागण्यावरचा ताबा आणि दुसरा, मनावरचा ताबा. "नऊच्या आत घरी यायचं, उशीर होणार असेल तर फोन कर" हा पहिला. पोरगी सव्वानऊला आली, ओरडा खाल्ला, विषय संपला. आता तीच पोरगी सव्वानऊला आल्यावर आई काहीच बोलत नाही, जेवणाचं ताट समोर ठेवते, दुसऱ्या दिवशीही बोलत नाही, आणि मग "तुझ्यासाठी मी काय नाही केलं, तुला माझी किंमतच नाही" सुरू होतं, हा दुसरा. घड्याळ तेच, नियम तोच, पण इथे उशिराची शिक्षा प्रेम काढून घेऊन दिली जाते. बार्बर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बऱ्याच देशांतल्या किशोरवयीन मुलांचा डेटा मांडला त्यात मनावरच्या ताब्याचा संबंध डिप्रेशनशी निघाला, तर मूल कुठे आहे काय करतंय हे आईबापांना माहीत असण्याचा संबंध कमी उपद्व्यापांशी.

पण हे "माहीत असणं" येतं कुठून? फोन तपासून? स्टॅटिन आणि कर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००० मध्ये दाखवलं की आईबापांना जे कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून कळतं, चौकशा आणि पाळतीचा वाटा त्यामानाने फारच थोडा. मला तरी या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

बरं, या वयात पोरं थोडी वेड्यासारखी वागणारच, ते आईबापांच्या खात्यावर टाकण्यात अर्थ नाही. स्टाइनबर्ग यांच्या टीमने भारतासह ११ देशांत १० ते ३० वयोगटातले ५ हजारांवर लोक तपासले, त्यात थ्रिलची ओढ १९ च्या आसपास शिगेला पोचते आणि स्वतःला आवरण्याची ताकद मात्र २३ ते २६ पर्यंत वाढत राहते असं दिसलं.

अजून एक लोचा आहे. कडक घरातली मुलं बिघडलेली दिसली की आपण लगेच म्हणतो कडकपणामुळे बिघडली, पण मूल त्रास देतंय म्हणूनही आईबाप कडक होत असतील ना? लॅन्सफर्ड यांच्या टीमने हे तपासायला नऊ देशांतल्या १,२९८ मुलांना ८ ते १३ वयापर्यंत फॉलो केलं आणि २०१८ मध्ये छापलं. आईबापांच्या वागण्यामुळे मूल बदलतं यापेक्षा मुलाच्या वागण्यामुळे आईबाप बदलतात, हेच त्यात जास्त दिसलं, आणि आईबापांचा जो काही परिणाम होता तो लहानपणी जास्त, किशोरवयाकडे जाताना कमी.