पार्श्वभूमी : फिल्कचा गोल आणि पाळीचा वाद

विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात दिवसभराच्या चर्चा आटोपल्या, पुस्तकांचे गाळे बंद झाले, की रात्री दहा-अकराच्या सुमारास हॉटेलातल्या एखाद्या मध्यम खोलीत खुर्च्या गोल मांडल्या जातात. मंच नाही, माइक नाही, गाणारे कोण आणि ऐकणारे कोण हे वेगळं सांगता येत नाही. दोन-चार गिटार, एखादं व्हायोलिन, कुणाच्या मांडीवर शब्दांची जाडजूड फाइल. मग पहाटेपर्यंत अंतराळयानं, ड्रॅगन, ऐन वेळी बंद पडणारे संगणक, सापेक्षतावाद, मांजरं आणि बंद पडलेल्या मालिका यांच्यावरची गाणी चालतात. याला फिल्क म्हणतात.

नर्ड मंडळींची, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून न जाणारी जी गाणी आज एकमेकांना पाठवली जातात, त्यांची मुळं शोधणारे बहुतेक जण २००० नंतरच्या काळापाशी थांबतात. पण अशी गाणी आपल्यासारख्याच वेड्यांपर्यंत पोचवायची रीत त्याहून अर्ध्या शतकानं जुनी आहे, आणि ती या गोलात घडली. म्हणून या टिपणाचा भर गोलावर आणि साधारण १९७५ ते १९९० या वर्षांवर आहे. आज ज्यावर वाद होतात त्यातल्या बहुतेक गाठी तेव्हाच बसल्या.

नावाबद्दल थोडक्यात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, टपालानं फिरणाऱ्या एका हौशी अंकासाठी विज्ञानकथा आणि लोकगीतांवरचा एक लेख आला. त्याच्या शीर्षकात टंकलेखनाच्या चुकीनं 'फोक'चं 'फिल्क' झालं होतं. लेखातला मजकूर बराच चावट होता आणि अश्लील मजकूर टपालानं पाठवण्याबद्दलचा अमेरिकी कायदा कडक होता. म्हणून संपादकानं लेख छापला नाही, पण चूक मात्र मित्रांना सांगितली. १९५३ साली दुसऱ्या एका अंकात एका गाण्यासाठी हा शब्द जाणूनबुजून वापरला गेला. चाहते त्याआधीही गात होतेच, फक्त त्या गाण्याला आता स्वतःचं नाव मिळालं.

त्याच १९५३ साली हार्वर्डमध्ये गणित शिकणाऱ्या एका तरुणानं १५ डॉलर खर्चून तासाभरात आपली तिरकस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांच्या ४०० तबकड्या काढल्या. रेडिओनं त्या वाजवल्या नाहीत. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या बरोबर नेल्या, घरच्यांना आणि मित्रांना ऐकवल्या आणि टपालानं मागण्या येऊ लागल्या. १९५९मध्ये त्यानंच मूलद्रव्यांची सगळी नावं १८७९ सालच्या एका इंग्रजी संगीतिकेतल्या चालीवर बसवली. तो फिल्कच्या गोलातला नव्हता, पण गोलातले लोक त्याला आपला पूर्वज मानतात आणि ते रास्त आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षं गाणी पसरली ती पाठांतरानं आणि सायक्लोस्टाइल केलेल्या वह्यांनी. या वह्यांत स्वरलेखन क्वचितच असे. वर फक्त 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढं लिहिलेलं आणि खाली शब्द. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकापासून पुढे आपल्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली असते आणि ती ठुमरी, लावणी, कानडी पद अशी कुठलीही असू शकते. दोन्हीकडे हिशेब सारखाच आहे. चाल सगळ्यांना आधीच येत असली की नवीन शब्द पहिल्याच रात्री सगळ्यांना म्हणता येतात, निदान धृपदाला तरी साथ देता येते. ही गाणी चटकन तोंडात बसतात याचं अर्धं श्रेय या उसन्या चालींचं आहे.

आता पाळीचा प्रश्न. बाहेरच्याला तो क्षुल्लक वाटेल, पण फिल्कमध्ये याच्याइतका दीर्घकाळ चाललेला वाद दुसरा नसेल. एक गाणं संपलं की पुढचं कुणाचं?

एक रीत म्हणजे ठरवायचंच नाही. गाणं संपलं की क्षणभर थांबायचं, ज्याला सुचेल त्यानं सुरू करायचं. हिला 'केऑस' म्हणतात. हिची खरी गंमत गाण्याला गाणं लागतं यात आहे. कुणी मंगळावर अडकलेल्या अभियंत्याचं गाणं म्हटलं की पलीकडून मंगळाचंच दुसरं येतं, मग अभियंत्यांचं, मग अभियंत्यांच्या साहेबांचं. रात्री दोन वाजता अशी सहा-सात गाणी एका धाग्यात ओवली गेली की उठून झोपायला जाण्याची कुणाची छाती होत नाही. पण हा धागा बहुतेक वेळा गिटार मांडीवर असलेल्याच्या हाती असतो. त्यानं तार छेडली की जागा त्याची झाली. ज्याच्याकडे वाद्य नाही, आवाज बारीक आहे, जो पहिल्यांदाच आलाय, तो 'मी म्हणू का?' म्हणेपर्यंत दुसऱ्याचं पहिलं कडवं सुरू झालेलं असतं. खिशातला कागद तसाच खिशात ठेवून परत जाणारी माणसं प्रत्येक संमेलनात असतात.

दुसरी रीत पाळीची, इंग्रजीत 'बार्डिक' म्हणतात ती. पाळी खुर्चीमागून खुर्ची फिरते आणि तुमच्यापाशी आली की तीन वाटा असतात. स्वतः गा, पाळी पुढे जाऊ द्या, किंवा गोलातल्या दुसऱ्या कुणाला अमुक गाणं म्हणायला सांगा. ही तिसरी वाट ज्याला सुचली त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. ज्याला गाता येत नाही त्यालाही तिनं गोलात हक्काची जागा दिली. आपल्याला काय ऐकायचंय हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगणं आणि त्यासाठी सगळ्या खोलीनं थांबणं, हा मान साध्या श्रोत्याला एरवी कुठे मिळतो?

पाळीलाही अडचणी आहेत. गोलात ४० माणसं असतील आणि एकेका गाण्याला पाच मिनिटं लागत असतील, तर एक फेरी पुरी व्हायला ३ तास २० मिनिटं लागतात. रात्री अकराला गायलेल्या माणसाची पाळी पुन्हा येते ती दोन वाजून वीस मिनिटांनी. दरम्यान त्याला एखाद्या गाण्यावर नेमकं उत्तर सुचलेलं असतं, ते तोवर शिळं होतं. शिवाय फर्माइशी चांगल्या गाणाऱ्यांनाच जातात, म्हणजे फिरून त्यांचेच आवाज जास्त, अशीही तक्रार असते. तोडगा म्हणून काही ठिकाणी पोकरच्या चकत्या आल्या. प्रत्येकाला एक चकती द्यायची, गायचं तेव्हा ती मधल्या वाडग्यात टाकायची, सगळ्यांच्या चकत्या संपल्या की पुन्हा वाटायच्या. यात उत्तराला उत्तर देता येतं आणि एकच माणूस रात्रभर गात बसत नाही. फक्त बुजऱ्या माणसाला हात पुढे करून चकती टाकण्याचं धाडस करावंच लागतं.

वाद कधी मिटला नाही. अनेक संमेलनांत दोन खोल्या ठेवतात, किंवा आजचा गोल कुठल्या रीतीचा हे कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापतात. माझं मत पाळीच्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. फक्त चांगलं गाणाऱ्यांनी गायचं असेल तर ती मैफल झाली, आणि मैफलींसाठी संमेलनात दिवसाच्या वेळा राखून ठेवलेल्या असतातच. रात्रीचा गोल बेसूर माणसासाठीही आहे. त्याच्या गाण्यातला एखादा यमक साऱ्या खोलीला हसवून जातो आणि तेवढ्यासाठी त्याच्या सुराकडे कुणी बघत नाही.

या वादाला धार आली ती १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, गाणी खोलीबाहेर विकली जाऊ लागल्यावर. १९७६च्या सुमारास शिकागोच्या एका गटानं फिल्कची पहिली तबकडी काढली. १९७९मध्ये शिकागोतच फक्त फिल्कसाठी वेगळं संमेलन भरलं. १९८४पासून ओहायोतून पुरस्कार दिले जाऊ लागले. पण खरा फरक कॅसेटनं पाडला. तबकडी एकदम शेकड्यांनी काढावी लागते, कॅसेट मात्र डझनावारी उतरवता येते आणि संपली की पुन्हा उतरवता येते. कॅलिफोर्नियात १९८०च्या आसपास घरगुती भांडवलावर सुरू झालेल्या एका प्रकाशनानं काही वर्षांत कॅसेटमागून कॅसेट काढल्या. संमेलनातल्या टेबलावर आणि टपालानं त्या खपत. अवकाशकार्यक्रमावरच्या गाण्यांची १९८३ची त्यांची कॅसेट आजही जुने लोक जपून ठेवतात. ज्या गावात दुसरा एकही चाहता नव्हता, तिथल्या मुलापर्यंत हे गाणं पहिल्यांदा पोचलं ते असं. हे प्रकाशन दशकाच्या अखेरीस बंद पडलं. त्यातली काही गाणी पुढे इतरांनी काढली, काही तशीच अडकली.

या गाण्यांचा पल्ला केवढा होता ते फेब्रुवारी २००३मध्ये दिसलं. कोलंबिया यान कोसळलं आणि चंद्रावर उतरलेल्या एका वृद्ध अंतराळवीरानं दूरचित्रवाणीवर याच परंपरेतल्या एका गाण्याच्या ओळी वाचायला घेतल्या. वाचताना तो गहिवरला.

पण कॅसेटबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर चालीचा मालक दारात उभा राहिला. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली फी भरून कुणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येतं, मात्र शब्द बदलायचे तर मालकाची परवानगी हवी. खोलीत गाताना हे कुणी विचारत नव्हतं. विक्रीच्या कॅसेटवर विचारणं भाग होतं. त्यामुळे प्रकाशक लोकगीतांच्या जुन्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या चालींकडे आणि स्वतंत्र रचनांकडे वळले. फिल्कमध्ये आज स्वतःच्या चालीची एवढी गाणी आहेत त्याचं एक मोठं कारण हे आहे, केवळ कवींची वाढलेली हौस नाही. १९९४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की विडंबन विक्रीसाठी असलं तरी तेवढ्यानं ते बेकायदा ठरत नाही. पण ज्या गाण्याची चाल घेतली त्याच गाण्यावर टिप्पणी असेल तर हा आधार भक्कम. चाल एकाची आणि विषय वॉर्प इंजिनाचा, अशा गाण्यांना त्याचा आधार कमी मिळतो, आणि फिल्कमध्ये तीच जास्त आहेत. गोलात टेपरेकॉर्डर सुरू करण्याआधी गाणाऱ्याला विचारायचं, हा शिष्टाचारही फार मोलाचा आहे. मोबाइलच्या काळात तो जास्त कसोशीनं पाळायला हवा.

१९८९मध्ये इंग्लंडमध्ये आणि पुढच्या दशकात जर्मनीतही फिल्कची संमेलनं सुरू झाली. दूरच्या गायकांना प्रवासखर्च देऊन बोलावता यावं म्हणून १९९१मध्ये एक निधी उभारला गेला. चाहत्यांनी दिलेल्या वस्तूंचे लिलाव करून त्यात पैसे घालतात.

त्यानंतरची गर्दी वाचकांच्या ओळखीची आहे. २०००मध्ये एका रॅपरनं आपल्या शैलीला 'नर्डकोअर' म्हटलं. २००२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या दोन भावांनी जादूच्या शाळेतल्या नायकाच्या नावानं बँड काढला आणि त्यामागून अशा बँडांची रांग लागली. सप्टेंबर २००५मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रोग्रामरनं नोकरी सोडून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं द्यायचं ठरवलं आणि ते पाळलं. ही गाणी त्यानं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली दिली. विक्री करू नका, बाकी वाटा, वापरा, असा त्याचा अर्थ. लोकांनी गेममधली दृश्यं जोडून त्यांचे व्हिडिओ केले, स्वतःच्या आवाजात ती गायली. २००७मध्ये एका प्रसिद्ध गेमच्या शेवटी त्याचंच गाणं वाजलं आणि गेम कधी हातात न घेतलेल्यांनाही ते पाठ झालं.

या मंडळींनी फिल्कचं ऋण मानलं किंवा न मानलं, वाटपाची कल्पना तीच होती. फरक एवढाच की लाखोंपर्यंत पोचणाऱ्या गाण्यात पाळी फिरून ऐकणाऱ्यापाशी येत नाही. ज्यांनी व्हिडिओ केले त्यांनी आपली पाळी स्वतः घेतली आणि परवान्यामुळे त्यांना ती घेता आली. म्हणून मला त्या वर्षभरातल्या गाण्यांपेक्षा तो परवाना महत्त्वाचा वाटतो. २०२०मध्ये वर सांगितलेल्या गणितज्ञानं आपले सगळे शब्द आणि २०२२मध्ये आपलं संगीतही सार्वजनिक करून टाकलं. मूलद्रव्यांना उसनी चाल देणाऱ्यानं आपल्या स्वतःच्या चाली सगळ्यांना मोकळ्या केल्या.

२०२०च्या टाळेबंदीत संमेलनं बंद पडली आणि गोल व्हिडिओ कॉलवर आला. तिथे आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे दोघांनी एकदम गाणं अशक्य. धृपदाला साथ द्यायची ती आपला माइक बंद करून, एकट्यानं. दोघांनी एकदम सुरुवात केली तर दोन्ही गाणी तुटत, म्हणून कुणीतरी यादी धरून नावं पुकारायची आणि ज्याचं नाव येईल त्यानंच माइक उघडायचा, असं सगळीकडे करावं लागलं. अनेक वर्षं पाळी नाकारणाऱ्यांनाही यादीत नाव घालावं लागलं. ओहायो, लंडन आणि जर्मनीतली माणसं एकाच रात्री एका गोलात बसली. त्यांच्यापैकी एकाकडे रात्रीचे अकरा वाजलेले असत, दुसऱ्याकडे पहाट झालेली असे, आणि नाव पुकारलं की तीन वाटा पूर्वीच्याच.