एका अक्षराने बाद होणारी वनस्पतिनामे

रुबिया ही मंजिष्ठेची प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट), रुबस रास्पबेरीची. दोन्ही नावे १७५३ पासूनची आणि दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला तांबडा रंग असल्याचे सांगतात. वनस्पतींच्या नामकरणासाठी केलेल्या १९०५ च्या व्हिएन्ना नियमांनी हीच जोडी उदाहरणादाखल दिली होती. शब्दाचा शेवट वेगळा असेल, तर फरक एकाच अक्षराचा असला तरी नावे वेगळी मानावीत, असे तो नियम सांगत होता.

तेव्हा एवढे सैल राहणे परवडत होते. आधीचे समनाम, म्हणजे दुसऱ्याच वनस्पतीला दिलेले तेच नाव, सर्वांनी बाद मानले असेल, तर केवळ त्याच्यासाठी नंतरचे नाव बदलायचे नाही, असेही त्याच नियमांत होते. जुने नाव अडगळीत पडलेले असले की नव्याला धोका नसे.

१९३० च्या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने हा आधार काढून घेतला. आधीचे नाव वापरात असो वा नसो, नंतरचे समनाम नियमबाह्य. कारण पटण्यासारखे होते: आज बाद मानलेली प्रजाती उद्या कोणी पुन्हा वेगळी काढली की जुने नाव परत उठते. पण यामुळे मेलेले नाव जिवंत नावाला मारू लागले आणि स्पेलिंगचा किरकोळ प्रश्न नावाच्या अस्तित्वावर आला. आजच्या कटकटींचे मूळ मला इथे दिसते. अठराव्या शतकाला उगाच दोष दिला जातो.

वनस्पतिनामांच्या सध्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत हा विषय ५३व्या कलमात आहे. प्ररूप (नाव ज्याला कायमचे जोडलेले असते तो मूळ नमुना) वेगळे असलेली दोन नावे गोंधळ होण्याइतकी सारखी असतील, तर ती समनामे धरायची. अशा नावांना अभ्यासक पॅराहोमोनिम म्हणतात, आणि हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. प्ररूप एकच असेल तर समनामाचा प्रश्नच येत नाही. ते एकाच नावाचे दोन तऱ्हांनी केलेले लेखन. नावांच्या सूचीत मात्र दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. मूळ नमुना कोणता हे शोधल्याशिवाय काही ठरत नाही.

आता ‘गोंधळ होण्याइतकी’ म्हणजे किती? संहिता व्याख्या देत नाही, उदाहरणे देते. एकाच प्रजातीतल्या दोन जातींच्या नावांत दुसरा शब्द म्हणून चायनेन्सिस आणि सायनेन्सिस चालत नाहीत. सेलानिका-झेलानिका नाही, नेपालेन्सिस-निपालेन्सिसही नाही. इथपर्यंत ठीक. १८३८ चे ॲस्टेरोस्टेमा आणि १८८० चे ॲस्ट्रोस्टेमा यांच्यात रोमन लिपीतल्या एका अक्षराचा फरक, दोन्ही रुईच्या गोतातली, म्हणून समनामे. पण १८२८ चे एशवायलेरा आणि १८८७ चे एशवायलेरिया वेगवेगळ्या कुलांतली असूनही समनामे ठरली. याउलट पेल्टोफोरस हे गवत आणि पेल्टोफोरम हा शेंगांचा वृक्ष, म्हणून ही दोन नावे बिनधास्त नांदतात. या दोन निकालांमागचे सूत्र एकच आहे, असे निदान मला तरी म्हणवत नाही.

शंका असेल तर प्रकरण तज्ज्ञ समितीकडे जाते. तिच्या शिफारशीवर साधारण सहा वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे शिक्कामोर्तब झाले की निर्णय बंधनकारक. हरलेल्या नावापुढे दोनच वाटा: नवे नाव घेणे किंवा संरक्षित नाव (नियमाला अपवाद करून टिकवलेले) म्हणून अर्ज करणे, म्हणजे पुन्हा समिती. प्राणिशास्त्रात प्रजातीच्या नावांत एका अक्षराचा फरक पुरतो. वनस्पतींच्या संहितेने तो सोपा रस्ता धरलेला नाही.