नावाखालचा पत्ता

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेतून अलीकडे बाहेर पडलेला एखादा शोधनिबंध उघडा आणि मजकूर सोडून थेट शेवटच्या पानांवर जा. तिथे बारीक टायपात देशवार संस्था आणि त्यांतल्या लेखकांची नावं असतात. तिथल्या सीएमएस या प्रयोगाची यादी आर्मेनियापासून सुरू होते. भारताच्या संस्थांमध्ये आपल्या पुण्यातली, पाषाणची आयसर ही विज्ञानसंस्थाही आहे. अमेरिकेपाशी यादी संपली असं वाटतं, आणि मग काही नावं अशी येतात, की त्यांना विद्यापीठ नाही, शहर नाही, देशही नाही. त्यांच्यासाठी एवढंच लिहिलेलं असतं: ‘सर्नशी पूर्वी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न’.

यातले बहुतेक जण रशिया आणि बेलारूसमधल्या संस्थांचे आहेत. हे एक वाक्य ठरवायला जवळपास वर्ष गेलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. त्या वेळी सर्नच्या प्रयोगांत रशियन संस्थांचे सुमारे हजार शास्त्रज्ञ होते. मार्चमध्ये रशियातल्या कुलगुरूंच्या संघटनेने युद्धाला पाठिंबा देणारं पत्रक काढलं. युक्रेनच्या आणि इतर काही देशांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की ज्या संस्थांचे प्रमुख आमच्या शहरांवरच्या हल्ल्यांचं समर्थन करतात, त्यांच्या नावाशेजारी आमचं नाव कसं छापायचं? दुसरी बाजू म्हणत होती, की ज्याने दहा वर्षं खपून कण टिपणारा डिटेक्टर उभा केला, त्याचं नाव त्याच्या सरकारने केलेल्या युद्धापायी खोडायचं का? पेपर लिहून तयार होते, आतल्या आत तपासून झाले होते, प्रीप्रिंट, म्हणजे छपाईआधीची प्रत, म्हणून इंटरनेटवरही चढत होते. पण लेखकांच्या यादीशिवाय, नुसत्या प्रयोगगटाच्या नावाने. जर्नलमधली छपाई अडून राहिली. २०२३ च्या सुरुवातीला तोडगा निघाला. माणसाचं नाव राहील, संस्थेचं जाईल आणि ओळख पटावी म्हणून नावाला ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक जोडला जाईल. ३० नोव्हेंबर २०२४ ला रशियाशी असलेला करार संपला, आणि वाक्यात ‘पूर्वी’ हा शब्द आला.

मला हा तोडगा योग्य वाटतो. कामाचं श्रेय माणसाचं असतं आणि ते त्याच्यापासून काढून घेता येत नाही. पत्ता मात्र संस्थेचा, पर्यायाने देशाचा असतो, आणि जगात राजकारण कूस बदलतं तेव्हा त्याचा पहिला ओरखडा या पत्त्यावरच उमटतो. विज्ञानाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा झालेलं आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मन जर्नल्स इंग्लंडला पोहोचेनाशी झाली. आइनस्टाइन यांचा व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत १९१५ चा. तो केंब्रिजच्या एडिंग्टन यांच्यापर्यंत गेला तो तटस्थ हॉलंडमधून, खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांच्यामार्फत. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात प्रकाश वाकतो का हे तपासायला इंग्रजांच्या तुकड्या निघाल्या, त्यामागे हा आडवाटेने आलेला पत्रव्यवहार होता. युद्ध संपलं तरी दरी भरली नाही. १९१९ मध्येच स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने जर्मनी आणि तिच्या मित्रदेशांना बाहेर ठेवलं. ते दार उघडायला १९२६ साल उजाडलं. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्या काळातल्या शोधनिबंधांतले संदर्भ मोजून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. शत्रुगोटातल्या ताज्या संशोधनाचे संदर्भ झपाट्याने घटले होते. आणि ज्यांचं काम परक्या गोटातल्या अव्वल संशोधनावर सर्वाधिक अवलंबून होतं, त्यांचं स्वतःचं उत्तम काम छापून येणंही कमी झालं होतं. बहिष्कार घालणारा आणि सोसणारा, दोघांचंही नुकसान झालं.

पत्ता किती चंचल असतो हे पाहायचं तर १९२४ सालचा एक छोटासा निबंध घ्यावा. प्रकाशाच्या कणांची मोजदाद नव्या पद्धतीने करणारा हा निबंध सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून तो छापवून घेतला. लेखकाच्या नावापुढे नुसतं ‘बोस’ आणि कंसात ढाका विद्यापीठ, भारत. तो पत्ता १९४७ मध्ये पाकिस्तानात गेला आणि १९७१ पासून बांगलादेशात आहे. आज कुणी देशवार वैज्ञानिक कामगिरीचा तक्ता करायला बसलं, तर हा निबंध कुठल्या रकान्यात टाकणार? सोव्हिएत संघाच्या १९९१ पूर्वीच्या लाखो निबंधांचा प्रश्न हाच आहे.

हे तक्ते आले सायटेशनमधून, म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचा दिलेला संदर्भ मोजण्यातून. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. पहिल्या आवृत्तीत ६१३ जर्नल्स होती. कल्पना त्यांना अमेरिकन वकिलांच्या ग्रंथांवरून सुचली. जुना निकाल पुढच्या कुठल्या खटल्यात वापरला गेला आणि तो अजून टिकून आहे का, हे वकिलाला त्यांत सापडतं. तसंच शास्त्रज्ञालाही सापडावं, हा गारफिल्ड यांचा मूळ हेतू. ज्ञान शोधण्याचं ते उत्तम साधन होतं. पुढे त्याच आकड्यांवर बढत्या, अनुदानं आणि देशांचे क्रमांक ठरू लागले, आणि आकड्यालाच किंमत आली.

आता तर ते आकडे थेट परराष्ट्र धोरणात शिरले आहेत. जपानच्या विज्ञान-धोरण संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं, की सर्वाधिक संदर्भ मिळवणाऱ्या एक टक्का निबंधांत चीनने अमेरिकेला मागे टाकलं आहे: २७.२ विरुद्ध २४.९ टक्के. अमेरिकेने त्याआधीच, २०१८ ते २०२२ या काळात, चिनी संस्थांशी असलेले संबंध लपवल्याच्या आरोपावरून आपल्याच प्राध्यापकांवर खटले भरले होते. त्यांत न सांगितलेला दुसरा पत्ता हा पुरावा ठरत होता. उलट सौदी अरेबियातल्या विद्यापीठांनी भरपूर संदर्भ मिळवणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांना मोबदला देऊन, त्यांनी निबंधांवर आपलाही पत्ता लावावा अशी सोय केली. एके ठिकाणी पत्त्यावरून आरोपपत्र, दुसरीकडे पत्त्याला मोबदला.

आपल्याकडे हे दुखणं वेगळ्या रूपात आलं. प्राध्यापकांच्या बढतीसाठी छापील निबंध मोजले जाऊ लागले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स उगवली. नावात ‘अमेरिकन’ किंवा ‘युरोपियन’ आणि कारभार भारतातून, असे नमुने ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या २०१३ च्या तपासात उघडकीला आले होते. या प्रश्नाला सर्वांत नेटाने भिडलं ते आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल्स एकेक करून तपासली. ३४९ जर्नल्स पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशा प्राथमिक माहितीपाशीच बाद झाली. कसोटीला उतरली ती अवघी ११२. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला; त्याच वर्षी आयोगाने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. पुढे यूजीसी-केअर ही आयोगाची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. मला हा निर्णय घाईचा वाटतो. खोट्या जर्नल्सचा फटका परदेशातल्या कुणाला बसत नाही. तो बसतो जिल्ह्याच्या गावी प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संशोधकाला, कारण त्याच्या पत्त्याकडे बाहेरचे संपादक आधीच संशयाने बघू लागतात.

पत्ता आडवा येण्याची खंत आपल्याला जुनीच आहे. फर्ग्युसनमध्ये शिकलेले गणिती द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे ६१७४ च येत राहते. हे त्यांनी १९४९ मध्ये मांडलं. जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये एका अमेरिकन मासिकातल्या सदरात त्यांच्याबद्दल छापून आल्यावर.

आज पुण्याचा पत्ता आडवा येत नाही, उलट वजन राखून आहे. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा, याच्या गाळण्यांवरचा संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा निबंध पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांतला. २०१६ मध्ये लहरी सापडल्याचा निबंध आला तेव्हा त्यावर हजारावर नावं होती. ती वर्णानुक्रमे, त्यामुळे जग तो ‘ॲबट आणि इतर’ म्हणून उद्धृत करतं. वर्णानुक्रम न्याय्यच आहे, पण हजार जणांत कुणी काय केलं ते त्यात दिसत नाही. यादीत येतच नाहीत असेही असतात. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या दुर्बिणीने निरीक्षणं घेणाऱ्या जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना निबंधाच्या शेवटी तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानावे लागतात, आणि दुर्बीण पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राची आहे हेही लिहावं लागतं. ही ओळ मी प्रत्येक निबंधात आवर्जून शोधतो, आणि ती असली की बरं वाटतं.

याच एनसीआरएच्या नेतृत्वाखाली भारत आता एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीत सहभागी आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले. दुर्बिणी दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात, मुख्यालय ब्रिटनमध्ये, आणि भागीदारांत भारत आहे तसा चीनही आहे. निबंधांच्या याद्यांत उद्या या दोन देशांची नावं शेजारी छापली जातील. सर्नला जे वर्ष भांडणात घालवावं लागलं, ते इथे टाळता येण्यासारखं आहे. संबंध बिघडले तर नाव राहणार की जाणार, पत्त्याचं काय, अडलेले पेपर किती काळ अडवायचे, हे सगळं करारात आत्ताच लिहून घ्यायला हवं, आणि त्याचा आग्रह पुण्यातून धरला गेला पाहिजे.