लिम्फोमा: स्टेजच्या आधी प्रकार विचारा

लिम्फोमाचं निदान झालं की घरचे पहिल्यांदा विचारतात, 'कितवी स्टेज?' त्याआधी विचारायला हवं, 'कोणत्या प्रकारचा?' लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या या कॅन्सरचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

बर्किट लिम्फोमाच घ्या. युगांडात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी १९५८मध्ये तिथल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींबद्दल लिहिलं. यातल्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. ऐकूनच धडकी भरते. पण केमोथेरपी नेमकी विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालते, त्यामुळे वेळेवर तीव्र उपचार मिळालेली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

फॉलिक्युलर लिम्फोमा याच्या अगदी उलट. तो संथ वाढतो. एका वेळी थोड्याच पेशी विभागत असतात. बाकीच्या औषधातून निसटतात आणि काही वर्षांनी आजार परत डोकं वर काढतो. तरीही अनेक रुग्ण पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त जगतात. त्रास नसेल तर डॉक्टर औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. 'कॅन्सर आहे आणि औषध नाही?' हे घरच्यांच्या पचनी पडत नाही. पण लक्षणं नसताना घाईनं केमो दिल्यानं आयुष्य वाढत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे. हे समजावून सांगायला डॉक्टरांनी दहा मिनिटं जास्त द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

हॉजकिन लिम्फोमा लवकर सापडला तर दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात. सर्वाधिक आढळणाऱ्या 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' प्रकारात केमोला बी-पेशींवर (लिम्फोसाइटचा एक प्रकार) नेम धरणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाची जोड मिळाल्यापासून सुमारे साठ टक्के रुग्ण बरे होतात. बी-पेशींचा लिम्फोमा उलटला, तर आता कार-टी उपचारही आहे. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार) प्रयोगशाळेत बदलून परत दिल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला भारतात २०२३मध्ये मान्यता मिळाली. जठरातल्या 'माल्ट' लिम्फोमाची तर तऱ्हाच निराळी: हेलिकोबॅक्टर जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिक्सनंच तो अनेकदा विरघळतो.

आपल्याकडे खरी अडचण निदानाची आहे. मानेत गाठ, ताप, वजन घटणं, रात्री घाम ही टीबीचीही लक्षणं. बायोप्सीविना टीबीची औषधं सुरू होतात आणि मोलाचे महिने जातात. सुईनं काढलेल्या चार पेशींवरून प्रकार नीट ठरत नाही. ग्रंथीतली पेशींची मांडणी पाहावी लागते. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठच काढून तपासायला द्यावी.