साठ मुलं आणि एक कोल्हा

इंग्रजी वाङ्मय आपल्या वर्गांत आलं ते भाषा शिकवायला नव्हे. इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या १८३५च्या मेकॉलेच्या टिपणानंतर आणि १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर शेक्सपिअर, मिल्टन शिकवले जाऊ लागले, तेव्हा पोराला इंग्रजी येतं हे धरूनच चाललेलं असे. चिपळूणकरांनी या भाषेला वाघिणीचं दूध म्हटलं. ते किती जणांना पचतं, याची चौकशी वर्गात फारशी होत नसे.

ती केली मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांनी, ढाक्यात. शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना त्यांना दिसलं, की बंगालमधली बरीचशी मुलं शाळा अर्ध्यावरच सोडतात. मग दोन वर्षं शिकून गेलेल्याच्या हाती काय राहतं? त्यासाठी त्यांनी विमावाल्यांचा शब्द उचलला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर जे परत मिळतं, ते. त्यांचं उत्तर होतं वाचन. बोलता आलं नाही तरी पोराला गोष्ट वाचता यावी. म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी वाचनमाला रचली. तिच्यात नेहमीचे शब्द आधी येत, नवे शब्द बेतानं आणि भेटलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटे. गाजलेल्या कादंबऱ्याही याच मापात कापल्या गेल्या. अशा कापाकापीनंतर वाङ्मय ते काय उरणार, ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. पण मूळ पुस्तक न उघडणाऱ्या मुलापुढे ती करून काय उपयोग?

स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांच्या कवायती आल्या, गोष्ट मागे पडली. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या भाषाशिक्षकांनी तिला पुन्हा वर्गात आणलं.

आपल्याकडे २०००पासून पहिलीतच इंग्रजी आलं. २०१०मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. आमच्या आठवीत तेव्हा साठ मुलं होती : कुणी इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारं, कुणी ‘बी’ आणि ‘डी’त गोंधळणारं. मी कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट घेतली. बापू छत्र्यांनी १८२८मध्येच इसाप मराठीत आणलाय, त्यामुळे शेवट सगळ्यांना पाठ. काहींनी चित्रांखाली शब्द लावले, काहींनी अर्धी वाक्यं पुरी केली, चौघांनी कोल्ह्याचं बायकोला पत्र लिहिलं. मागच्या बाकावरच्या एकानं वहीत एकच शब्द लिहिला, ‘सोअर’. म्हणायचं होतं ‘सावर’, आंबट. स्पेलिंग चुकलं होतं. द्राक्षं मात्र त्यानं घडाएवढी काढली होती.