टाकीचा गीझर, बिनटाकीचा गीझर आणि लिटरचा घोळ

‘बिनटाकीचा गीझर घ्यायचाय, किती लिटरचा घेऊ?’ हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की हल्ली मी उलट विचारतो, टाकीच नाही तर लिटर कशाचे मोजणार? समोरचा जरा गोंधळतो आणि म्हणतो, ‘पण खोक्यावर तर सहा लिटर लिहिलंय.’ लिहिलंय खरं. घोळाला सुरुवात तिथूनच होते.

टाकीचा गीझर सगळ्यांनी वापरलेला असतो, त्यामुळे त्याचं पुराण लावत नाही. पाणी साठतं, तापतं, थर्मोस्टॅट वीज तोडतो, आपण वापरतो, संपलं की थांबतो. बिनटाकीच्या यंत्रात साठाच नसतो. नळ उघडला की पाणी आतल्या बारीक नळ्यांतून जातं आणि जाता जाता गॅसच्या ज्योतीवर किंवा विजेच्या कॉइलवर तापतं. नळ बंद, काम बंद.

आता लिटर. टाकीवरचे २५ लिटर सांगतात की आत पाणी किती मावतं. बिनटाकीवरचे ६ लिटर सांगतात की मिनिटाला किती पाणी तापून बाहेर येईल. त्यातही एक अट दडलेली असते: किती अंशांनी तापून? गॅसवरच्या यंत्रांत हा आकडा बहुधा २५ अंशांच्या वाढीसाठी धरलेला असतो. म्हणजे येणारं पाणी १० अंशांवर असेल आणि तुम्हाला ४० हवं असेल, तर तेच सहा लिटरचं यंत्र मिनिटाला पाचच लिटर देईल. यंत्र बिघडलेलं नसतं. पाणी गार आलं, एवढंच.

एक आकडा लक्षात ठेवा, बाकीचं गणित आपोआप सुटतं. १ किलोवॅट उष्णता मिनिटाला १ लिटर पाणी साधारण १४ अंशांनी तापवते. मग ३ किलोवॅटचं विजेचं यंत्र २० अंशांचं पाणी ४० पर्यंत नेताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर देईल. बऱ्यापैकी शॉवरला मिनिटाला आठ लिटर तरी लागतात. त्यासाठी सुमारे ११ किलोवॅट हवेत, आणि पाणी १० अंशांवर येत असेल तर जवळपास १७. २३० व्होल्टवर १७ किलोवॅट म्हणजे सत्तरहून जास्त अँपिअर. साध्या गीझरसाठी टाकलेली वायर याच्या जवळपासही जात नाही. जाड केबल, वेगळा एमसीबी आणि बहुधा थ्री-फेज जोडणी लागते. ‘विजेचा बिनटाकी लावला पण धार कोमटच येते’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग २ किलोवॅटचा साधा टाकीवाला गीझर तोच शॉवर कसा चालवतो? १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला त्याला २१ मिनिटं लागतात. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं सुमारे ३० लिटर होतं (प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गार पाणी खालून टाकीत शिरत असतं). हे ३० लिटर शॉवरखाली चार मिनिटांत संपतं. कॉइल एकवीस मिनिटं राबते आणि तिची सगळी कमाई आपण चार मिनिटांत उडवतो. त्या चार मिनिटांपुरती टाकी ११ किलोवॅटच्या यंत्राच्या तोडीची असते. पाचव्या मिनिटाला तिच्याकडे काही उरत नाही.

‘अमर्याद गरम पाणी’ ही जाहिरात त्यामुळे खोटी नाही, अर्धी आहे. एकामागून एक पाच जण आंघोळीला गेले तर बिनटाकीवाला पाचही जणांना सारखंच पाणी देईल. पण एक जण शॉवरखाली असताना दुसऱ्यानं स्वयंपाकघरात गरम नळ उघडला, तर दोघांचीही पंचाईत. टाकीचं नेमकं उलटं: दोन नळ एकदम चालतील, पण तिसऱ्याच्या वाट्याला गार पाणी.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त राग आहे तो तीन लिटरच्या ‘इन्स्टंट’ गीझरवर. म्हणजे वस्तूवर नाही, नावावर. त्याला टाकी असते हो! छोटी, तीन लिटरची, पण टाकीच, आणि बहुधा ३ किलोवॅटची कॉइल. दोन मिनिटांत पाणी तापतं म्हणून इन्स्टंट. भांडी घासायला, तोंड धुवायला झकास. शॉवरला जोडला तर ते तीन लिटर लगेच संपतात आणि पुढे मिनिटाला दोन लिटरचं वरचं गणित लागू होतं. असा गीझर वापरून ‘बिनटाकी म्हणजे बेकार’ असं ठरवणारे लोक मला नेहमी भेटतात.

गंमत म्हणजे ‘गीझर’ हे नाव मुळात बिनटाकीवाल्याचं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी गॅसवर वाहतं पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडच्या गरम कारंज्यावरून त्याला हे नाव दिलं. त्यांच्या यंत्राला धुराडं नव्हतं. या मुद्द्याकडे पुन्हा येतो.

‘नळ उघडताच गरम’ हाही गैरसमज. यंत्रापासून नळापर्यंतच्या पाइपात जे गार पाणी उभं असतं ते आधी बाहेर यावंच लागतं, टाकी असो वा नसो. १५ मिलिमीटर पोकळीच्या १५ मीटर पाइपात अडीच लिटरहून जास्त पाणी मावतं. वर ज्योत पेटायला काही सेकंद. थोडक्यात, बिनटाकीला थोडी जास्तच वाट पाहावी लागते.

बिलाचं म्हणाल तर बचत आहे, पण ती ‘पाणी स्वस्तात तापतं’ म्हणून नाही. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला तेवढीच उष्णता लागते. वाचते ती टाकी नुसती उभी असताना हवेत जाणारी उष्णता. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांप्रमाणे, दिवसाला सुमारे १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकी यंत्र २४ ते ३४ टक्के जास्त कार्यक्षम ठरतं. वापर ३२५ लिटरच्या आसपास गेला की हा फरक ८ ते १४ टक्क्यांवर येतो. ही तुलना दिवसरात्र चालू असलेल्या टाकीशी आहे. आंघोळीआधी अर्धा तास बटण लावून नंतर बंद करणाऱ्याच्या घरी वाचण्यासारखं फारसं काही उरत नाही.

बाकी फरक किरकोळ. बिनटाकी जागा कमी खातो, नीट ठेवला तर जास्त वर्षं टिकतो. पाण्यात क्षार असतील तर त्याच्या बारीक नळ्या लवकर चोंदतात, अधूनमधून सौम्य आम्लानं धुवाव्या लागतात. धार अगदी बारीक ठेवली तर तो पेटतच नाही. वीज गेली तरी टाकीतलं पाणी काही तास गरम राहतं.

आता धुराडं. गॅसचा बिनटाकी बंद न्हाणीघरात लावू नका. छोटी खिडकी आहे, दार थोडं उघडं ठेवू, असली सबब मला सांगू नका. मिनिटाला सहा लिटर देणारं एलपीजीचं यंत्र पाव तासात साधारण तीन घनमीटर हवा ओढतं. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात हवाच असते साडेसात घनमीटर. ऑक्सिजन घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. चक्कर आल्याचं कळेपर्यंत पायांतलं त्राण गेलेलं असतं. यंत्र बाहेरच्या भिंतीवर मोकळ्या हवेत बसवा, नाहीतर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारं बंदिस्त ज्वलनाचं यंत्र घ्या.

माझं मत विचाराल तर: गॅस आहे, बाहेरची भिंत आहे आणि माणसं पुष्कळ आहेत, तर बिनटाकी. फक्त वीज असेल तर चांगल्या आवरणाची टाकी, आणि भांड्यांच्या नळाखाली तो तीन लिटरवाला, नाव काहीही असो. घेण्याआधी शॉवरखाली दहा लिटरची बादली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. सहाशेला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात. वर्षातल्या सगळ्यात गार सकाळी नळाच्या पाण्यात थर्मामीटरही बुडवून बघा. हे दोन आकडे हातात असले की खोक्यावरचे सहा लिटर पुरतील की नाही ते मला विचारावं लागणार नाही.