रॅमची जोडी: चार सिमपासून डीडीआर५ पर्यंत

वेगवेगळ्या किटमधली, म्हणजे वेगवेगळ्या पाकिटांत विकत घेतलेली, रॅम एकत्र लावावी का, हा प्रश्न डेस्कटॉपइतकाच जुना आहे. त्यामागचं कारण मात्र बदलत आलंय.

सुरुवातीला तो निव्वळ हिशेब होता. ३० पिनांची सिम (तेव्हाची रॅमची पट्टी) एका वेळी ८ बिट द्यायची आणि इंटेलच्या ४८६ प्रोसेसरला ३२ बिट लागायचे, म्हणून चार सिम एकदम बसवायच्या. ७२ पिनांची ३२ बिटांची सिम आल्यावर ४८६ चं एकीवर भागू लागलं. पण त्यानंतरच्या पेंटियम प्रोसेसरची डेटा बस (रॅमशी देवाणघेवाणीची वाट) ६४ बिटांची, तिथे पुन्हा जोडी आलीच. वेग कळायचा चिपवर नंबराच्या शेपटाला छापलेल्या ६० किंवा ७० या आकड्यावरून. तो नॅनोसेकंदांचा असे, आणि जुळवून पाहण्याचं काम माणसाचं.

मग १६८ पिनांची, ६४ बिटांची डिम ही नवी पट्टी आली आणि एकटी स्टिक पुरू लागली. सोबत एसपीडी आलं: स्टिकवरच्याच इवल्या चिपमध्ये क्षमता आणि टायमिंग नोंदवलेलं, बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) ते वाचून सगळ्यांना झेपेल असा वेग निवडणार. १३३ मेगाहर्ट्झच्या पीसी१३३ स्टिकशेजारी १०० ची पीसी१०० लावली तरी दोन्ही १०० मेगाहर्ट्झवर गुमान चालत. 'बिनधास्त लावा' हा जुन्या जाणकारांचा सल्ला या काळातला, आणि तेव्हा तो बरोबरच होता.

२००३ मध्ये इंटेलच्या ८६५ आणि ८७५ चिपसेटनी (बोर्डावरच्या नियंत्रक चिप) ड्युअल चॅनेल, म्हणजे रॅमशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलणं, घरोघरच्या मशीनमध्ये आणलं. दोन्ही चॅनेलवर सारखी क्षमता नसेल तर मशीन एकाच चॅनेलवर यायचं. एकत्र तपासलेल्या दोन स्टिकचं पाकीट विकायची चाल इथेच रुजली. पुढे फ्लेक्स मोडने हे थोडं सैल केलं: ४ आणि ८ जीबी लावले, तर ४ अधिक ४ ड्युअलमध्ये आणि उरलेले ४ सिंगलमध्ये.

माझ्या मते खरी मेख २००७ च्या एक्सएमपीत, म्हणजे स्टिकमध्ये नोंदवलेल्या इंटेलच्या जादा वेगाच्या सेटिंगमध्ये, आहे. जेडेक या रॅमची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा वेग हा सगळ्यांसाठीचा किमान करार. एक्सएमपीचा वेग मात्र त्या पाकिटातल्या स्टिक एकत्र चालवून तपासलेला. पाकिटाबाहेरची स्टिक आली की ती हमी उरत नाही. शिवाय एकाच मॉडेल नंबरच्या दोन पाकिटांतही आतल्या चिप कधी सॅमसंगच्या, कधी हायनिक्सच्या निघतात. बाहेरून पत्ता लागत नाही.

डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीने तर मिश्रणाआधी संख्येचाच प्रश्न उभा केला. रायझन ७००० प्रोसेसर मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर), मग त्या चारही एकसारख्या का असेनात. नवी स्टिक लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमसाठी योग्य टायमिंग शोधतो त्यामुळे) पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, आणि बोर्ड गेला असं समजून लोक मध्येच बटण दाबून मशीन बंद करतात.